पावसाळी ओलावा आणि घरगुती वीज वितरण पेटीतील दोष : कारणे, निदान व उपाय

सारांश

कोकणपट्टीत पावसाळा सुरू झाला की अनेक घरांतील वितरण पेटीचा संरक्षक स्विच वारंवार पडतो. पेटी सुकली की तो पुन्हा टिकतो आणि दोष नाहीसा झाला, असे समजले जाते. ओलावा पेटीपर्यंत कसा पोहोचतो, तेथे तो कोणते विद्युत दोष निर्माण करतो आणि त्यांचे निदान कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. स्विच पडणे ही दोषाची सूचना असते आणि पेटी सुकवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : वितरण पेटी, गळती प्रवाह, विद्युतरोधन, दवबिंदू, आरसीसीबी, मेगर.

१. प्रस्तावना

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कोकणातील घरांत आगोटीची कामे उरकली जातात. घर शाकारले जाते, पश्चिमेच्या अंगाला झडी बांधल्या जातात, लाकूडफाटा पडवीत रचला जातो. विजेच्या पेटीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतर एखाद्या संध्याकाळी घरातील दिवे जातात, पेटीतील स्विच पुन्हा वर केला तरी टिकत नाही, आणि मग वायरमनची शोधाशोध सुरू होते. तो येईपर्यंत पाऊस उघडलेला असतो, पेटी सुकलेली असते आणि स्विच निमूटपणे वर राहतो. दोष सापडत नाही. म्हणून संशय स्विचवरच घेतला जातो. तो बदलला जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो टाळून तारा थेट जोडल्या जातात.

येथेच धोक्याचा प्रारंभ होतो. जे साधन माणसाचा जीव वाचवण्यासाठी बसवले, तेच उपद्रवी ठरवून काढून टाकले जाते. या चुकीच्या मुळाशी निष्काळजीपणापेक्षा निदानपद्धतीचा अभाव अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२. उद्दिष्टे व व्याप्ती

(१) वितरण पेटीत ओलावा शिरण्याचे मार्ग स्पष्ट करणे. (२) ओलाव्यामुळे होणाऱ्या विद्युत दोषांची कारणमीमांसा करणे. (३) दोषनिदानाचा शास्त्रीय क्रम मांडणे. (४) प्रचलित चुकीच्या उपायांची चिकित्सा करणे. विवेचन २३० व्होल्टच्या एकफेजी घरगुती पुरवठ्यापुरते मर्यादित आहे. येथे वर्णिलेली मोजमापे व जोडणीची कामे परवानाधारक वायरमननेच करावयाची आहेत. वाचकाला त्यांचा अर्थ कळावा आणि योग्य काम झाले की नाही हे विचारता यावे, एवढीच अपेक्षा आहे.

३. संरक्षक साधनांचे कार्य

पेटीत सामान्यतः दोन प्रकारचे स्विच असतात. एमसीबी हा अतिभार व शॉर्टसर्किट यांपासून तारांचे रक्षण करतो. आरसीसीबी, ज्याला बोलीभाषेत आजही ईएलसीबी म्हटले जाते, तो फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह यांची सतत तुलना करतो. दोहोंत फरक पडला, म्हणजे काही प्रवाह अन्य वाटेने जमिनीकडे गेला, की तो पुरवठा तोडतो. घरगुती वापराच्या आरसीसीबीची संवेदनक्षमता ३० मिलिअँपिअर असते. तेवढ्या गळतीला त्याने ०.३ सेकंदाच्या आत पडलेच पाहिजे, तर १५ मिलिअँपिअरपर्यंत तो पडता कामा नये, असे मानक आहे.

या आकड्यांचे महत्त्व एका तुलनेने लक्षात येईल. १६ अँपिअरचा एमसीबी ज्या प्रवाहासाठी नेमलेला असतो तो ३० मिलिअँपिअरच्या पाचशेपटींहून अधिक आहे. माणसाच्या शरीरातून सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी हाती धरलेली वस्तू सोडवणे कठीण होते, आणि ३० मिलिअँपिअरपुढील प्रवाह काही काळ टिकल्यास हृदयाची लय बिघडण्याचा धोका संभवतो. अर्थात ओलाव्यातून होणाऱ्या गळतीविरुद्ध एमसीबी जवळजवळ आंधळा आहे. ती गळती ओळखणारे साधन पेटीत आरसीसीबी हेच असते.

४. ओलावा पेटीत येण्याचे मार्ग

४.१ भिंतीतील झिरपणी : जांभ्या चिऱ्याची भिंत सच्छिद्र असते. पश्चिमेकडील भिंतीवर पावसाचा मारा दिवसेंदिवस होत राहिला की पाणी गिलाव्यापर्यंत येते. अशा भिंतीत खोबणी करून बसवलेली पेटी मागील बाजूने ओलसर होते; दर्शनी झाकण मात्र कोरडे दिसते. पलीकडे न्हाणीघर असल्यास हाच प्रकार बारमाही घडतो.

४.२ पाइपातून येणारे पाणी : गच्चीवरील दिव्याची, पाण्याच्या टाकीच्या पंपाची किंवा बाहेरून येणाऱ्या सर्व्हिस वायरची पाइप वरून खाली पेटीत उतरते. वरचे तोंड उघडे असेल तर ती पाइप नळाचेच काम करते. बाहेरच्या तारेला पाइपेत शिरण्यापूर्वी खाली झोळ दिलेला नसेल, तर तारेवरून ओघळणारे पाणीही त्याच वाटेने आत येते.

४.३ बाष्पाचे संघनन : पाण्याचा थेंबही बाहेरून आत न येता पेटी ओली होऊ शकते. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. पेटीचा पत्रा किंवा तारेचे टोक त्याहून थंड असल्यास त्यावर दव जमणारच. वातानुकूलित खोलीतील थंड हवा पाइपेतून पेटीत येते आणि बाहेरची दमट हवा तिला भेटते, तेव्हा असेच घडते. पाऊस नसतानाही पहाटे स्विच पडण्याचे हे एक कारण आहे.

४.४ क्षारांचे साहाय्य : शुद्ध पाणी विजेचे मंद वाहक आहे. परंतु भिंतीतून आलेल्या पाण्यात चुन्याचे व सिमेंटचे क्षार विरघळलेले असतात, आणि किनारपट्टीवरील धुळीत मीठ असते. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेपुढे हवेतील बाष्प शोषून स्वतःच विरघळू लागते. समुद्री मिठातील मॅग्नेशिअम क्लोराइड तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेत पाझरते. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरील आर्द्रता बहुधा ७५ टक्क्यांच्या वर असते. त्यामुळे पेटीत साठलेली खारट धूळ ही वाहक ओलाव्याचा कायमचा साठा ठरते. मुंग्यांची माती आणि पालींची घाण यांचाही परिणाम याच दिशेने होतो.

५. ओलाव्यामुळे होणारे दोष

ओलाव्याचे परिणाम तीन टप्प्यांत पाहता येतात. पहिल्या टप्प्यात फेज व अर्थ किंवा न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये ओलसर थर निर्माण होऊन गळती प्रवाह वाहू लागतो. थर सुकला की गळती थांबते. हा टप्पा परतवता येणारा आहे.

दुसऱ्या टप्प्यात गळती प्रवाहाच्या उष्णतेने थराचा काही भाग आधी सुकतो. त्या अरुंद कोरड्या पट्ट्यावर व्होल्टतेचा सर्व भार येऊन सूक्ष्म ठिणग्या पडतात आणि खालचे प्लॅस्टिक किंवा बेकेलाइट जळून तेथे कोळशाची रेघ उमटते. कार्बन वाहक असल्याने ही वाट आता कोरड्या हवेतही टिकते. पावसागणिक ती लांबत जाते आणि अखेरीस पेट घेऊ शकते.

तिसरा टप्पा गंजाचा आहे. पितळी टर्मिनल हिरवट होतात, स्क्रू सैल पडतात आणि जोडाचा रोध वाढतो. ०.१ ओहम रोधाच्या जोडातून २० अँपिअर प्रवाह गेल्यास तेथे ४० वॅट उष्णता निर्माण होते. पेटीतील एका बिंदूवर ती तारेचे आवरण वितळवण्यास पुरेशी आहे. गंजामुळे स्विचची आतील यंत्रणा अडकण्याचाही धोका असतो. असा स्विच बाहेरून धडधाकट दिसतो. गरजेच्या क्षणी मात्र पडत नाही.

६. लक्षणांवरून प्राथमिक अनुमान

मोजमापापूर्वी घरच्या मंडळींना विचारलेले चार प्रश्न पुष्कळ काम हलके करतात. स्विच केव्हा पडतो, त्यापूर्वी पाऊस कोणत्या दिशेने होता, त्या वेळी कोणते उपकरण चालू होते आणि किती वेळाने स्विच पुन्हा टिकला, याची नोंद घ्यावी.

(अ) झडीचा पाऊस सुरू होताच स्विच पडत असेल, तर पाणी थेट आत येत आहे. बाहेरचे दिवे, पंप व सर्व्हिस वायरची पाइप प्रथम पाहावी.
(आ) पाऊस थांबल्यावर काही तासांनी पडत असेल, तर भिंतीतून किंवा स्लॅबमधून झिरपणी होत असावी.
(इ) पावसाविना पहाटे पडत असेल, तर संघननाचा संशय घ्यावा.
(ई) बऱ्याच दिवसांनी गिझर लावताच पडत असेल आणि काही प्रयत्नांनंतर टिकत असेल, तर दोष गिझरच्या तापक दांड्यात असू शकतो. त्यातील मॅग्नेशिअम ऑक्साइडची भुकटी ओलावा शोषून घेते आणि तापल्यावर तो सोडते.
(उ) पेटी उघडताच जळकट किंवा माशासारखा वास येत असेल, तर दुसरा किंवा तिसरा टप्पा गाठला गेला आहे. अशा पेटीचा पुरवठा तत्काळ बंद ठेवावा.

७. निदानाचा क्रम

ओल्या भिंतीजवळील पेटीचे झाकण घरातील व्यक्तीने उघडू नये. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या मीटरकडील टर्मिनलांवर वीज असतेच, हे वायरमननेही विसरता कामा नये. पुरवठा बंद आहे याची खात्री करून पुढील क्रम अवलंबावा.

प्रथम निरीक्षण करावे. पाण्याचे ओघळ, पांढरी क्षारपुटे, हिरवट पितळ व काळ्या रेघा विजेरीच्या प्रकाशात दिसतात. ओघळ कोणत्या पाइपेच्या तोंडाशी सुरू होतो, हे पुसण्यापूर्वी पाहून ठेवावे. घाईने पुसलेल्या पेटीत दोषाचा पुरावाही पुसला जातो.

त्यानंतर मंडले वेगळी करावीत, आणि येथे एक नेहमीची फसगत होते. सर्व एमसीबी खाली केले तरी आरसीसीबी टिकत नाही, म्हणून तोच खराब आहे, असा निष्कर्ष काढला जातो. पण घरगुती पेटीतील एमसीबी बहुधा एकध्रुवी असतात. ते फक्त फेज तोडतात. सर्व मंडलांचे न्यूट्रल सामाईक पट्टीवर जोडलेलेच राहतात. एखाद्या मंडलाचा न्यूट्रल ओलाव्यामुळे अर्थला टेकला असेल, तर त्याचा एमसीबी बंद असूनही परतीच्या प्रवाहाचा काही अंश अर्थमार्गे जातो. घरातील भार जेवढा अधिक, तेवढा हा अंश मोठा. म्हणूनच असा स्विच रात्री टिकतो, सकाळी जड उपकरण लावताच पडतो आणि निर्दोष उपकरणावर बोल येतो. यासाठी प्रत्येक मंडलाचा न्यूट्रलही खुणा करून पट्टीवरून सोडवणे अपरिहार्य आहे.

मग मेगरने विद्युतरोधनाची मोजणी करावी. सर्ज संरक्षक, एलईडी दिव्यांचे चालक, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक इत्यादी आधी काढून ठेवावेत. ते न काढल्यास वाचन फसवे येते आणि उपकरणेही निकामी होऊ शकतात. प्रत्येक मंडलाचे फेज व न्यूट्रल एकत्र जोडून अर्थच्या संदर्भात ५०० व्होल्ट डीसीवर एक मिनिट वाचन घ्यावे. कमी वाचन आलेल्या मंडलात ते दोन्ही स्वतंत्रपणे मोजावेत. बाहेर जाणाऱ्या सर्व तारा सोडवून रिकाम्या पेटीचे वाचनही घ्यावे. रिकाम्या पेटीचे वाचन कमी असेल तर दोष पेटीत आहे. ते चांगले असेल तर दोष मंडलात आहे. जोडपेटीपाशी मंडलाचे दोन भाग करीत दोषस्थान गाठता येते.

शेवटी वाळवण्याची चाचणी घ्यावी. संशयित भागावर कोमट हवा सोडून पुन्हा मोजणी करावी. वाचन झपाट्याने वाढल्यास ओलाव्याचे निदान पक्के होते. वाळवूनही वाचन कमीच राहिल्यास कार्बनची वाट तयार झाली आहे, असे समजून तो भाग बदलावा. वाचन वाढले म्हणजे काम संपले, असे मात्र मानू नये; पाणी येण्याची वाट अद्याप उघडीच आहे.

८. वाचनांचा अर्थ

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०३६४ या मानकमालिकेनुसार अशा मंडलाचे विद्युतरोधन किमान १ मेगओहम असावे. आपल्याकडील जुन्या प्रघातात ५० या संख्येला पॉइंटांच्या संख्येने भागून येणारे मेगओहम ही मर्यादा मानली जाई. या मर्यादेची आरसीसीबीच्या वर्तनाशी तुलना उद्बोधक आहे. २३० व्होल्टवर १५ मिलिअँपिअर गळती होण्यासाठी रोध सुमारे १५ हजार ओहमपर्यंत घसरावा लागतो. १ मेगओहमच्या किमान मर्यादेच्या तो पासष्टाव्या भागाहूनही कमी आहे. म्हणजे फेजकडील गळतीने आरसीसीबी पडतो तेव्हा विद्युतरोधन केव्हाच ढासळलेले असते. ज्याला आपण ‘उगाच पडणारा स्विच’ म्हणतो, तो वस्तुतः उशिरा बोलणारा साक्षीदार आहे.

दुसरी बाब अशी की, दोष नेहमी एकाच जागी नसतो. दहा मंडलांपैकी प्रत्येकाचे फेजकडील रोधन ०.२ मेगओहमपर्यंत उतरले आहे, असे समजू. एका मंडलातून केवळ १.१५ मिलिअँपिअर गळती होईल. परंतु समांतर जोडणीत एकूण रोध २० हजार ओहम होऊन गळती ११.५ मिलिअँपिअर भरेल. त्यात संगणक, धुलाईयंत्र इत्यादींच्या गाळणीमंडलांतील स्वाभाविक गळतीची भर पडली की स्विच पडण्याची मर्यादा गाठली जाते. अशा वेळी कोणतेही एक मंडल वेगळे केले तरी स्विच टिकतो आणि तेच मंडल दोषी ठरते. सर्व मंडलांची वाचने एका कागदावर शेजारीशेजारी मांडली, तरच ही फसगत टळते. गाळणीमंडलांतील गळती डीसी मेगरवर दिसत नाही. तिच्यासाठी चालू पुरवठ्यावर गळतीमापक क्लॅम्प मीटरची आवश्यकता असते.

९. एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या मूळ गावच्या, समुद्राजवळील चिरेबंदी घरात हा सर्व क्रम उलट्या दिशेने अनुभवास आला. एका पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडू लागला म्हणून तो बदलण्यात आला. पुढील पावसाळ्यात नवाही पडू लागला, तेव्हा वायरमनने तो टाळून तारा थेट जोडल्या. दिवे जाणे थांबले आणि सर्वांनी समाधान मानले. काही दिवसांनी फ्रिजच्या दाराला हात लावला की मुंग्या येतात, असे आई सांगू लागली. फ्रिज तपासला, त्यात काही दोष नव्हता.

पाऊस उघडलेल्या एका दिवशी पेटीतील प्रत्येक मंडल मोजले, तेव्हा गच्चीवरील दिव्याच्या मंडलाचे फेज व अर्थ यांमधील वाचन ०.०२ मेगओहम, म्हणजे २० हजार ओहम आढळले. गच्चीवरील पाइपेचे तोंड उघडे होते आणि खालच्या जोडपेटीत पाणी साचून पट्टी गुंडाळलेले जोड त्यात बुडाले होते. घराची अर्थिंगची तार जमिनीत उतरते तेथील जोड गंजून सुटण्याच्या बेतात होता. त्यामुळे गच्चीवरील गळती जमिनीत न जाता सामाईक अर्थ तारेवरून फ्रिजच्या पत्र्यावर येत होती. त्या दिवशीच्या वाचनानुसार अनवाणी, ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकला असता. भर पावसात त्याहून अधिक. आईच्या पायांत चपला होत्या, म्हणून मुंग्यांवर निभावले.

पाइपेचे तोंड बंद करून, जोड काढून टाकून अखंड तार ओढली आणि अर्थिंग व आरसीसीबी पुन्हा बसवले. उल्लेखनीय बाब म्हणजे आधीच्या मे महिन्यात याच घराची तपासणी झाली होती आणि सर्व वाचने उत्तम होती. कोरड्या दिवसांतील चांगले वाचन पावसाळ्यातील सुरक्षिततेची हमी देत नाही, हा धडा यातून मिळाला.

१०. प्रचलित उपायांची चिकित्सा

आरसीसीबी टाळून जोडणी करणे हा सर्वांत घातक उपाय आहे. ३० ऐवजी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे हीदेखील पळवाटच. तो आगीपासून काही संरक्षण देईल, पण स्पर्श करणाऱ्या माणसाला वाचवण्यासाठी तो नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत भूगळती संरक्षणाची तरतूद आहे, ती याच कारणासाठी. पेटीचे झाकण सिलिकॉनने सर्व बाजूंनी बंद करणे हा उपायही उलटतो. मागील भिंतीतून येणारे बाष्प आत कोंडले जाते. टर्मिनलांवर तेल किंवा ग्रीस फासल्यास त्यावर खारट धूळ चिकटून बसते.

पुरात बुडालेल्या पेटीचा विचार वेगळा करावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड पुराखाली गेले. अशा प्रसंगी बुडालेले एमसीबी व आरसीसीबी धुऊन, वाळवून पुन्हा वापरू नयेत. आत शिरलेला गाळ व क्षार निघत नाहीत आणि यंत्रणेवर विश्वास ठेवता येत नाही. ते बदलणेच योग्य.

११. प्रतिबंधात्मक सूचना

(१) नवीन घरात पेटी पश्चिमेकडील बाह्य भिंतीत किंवा न्हाणीघराच्या सामाईक भिंतीत बसवू नये.
(२) गच्चीवरून येणारी पाइप शक्यतो पेटीत वरून न आणता बाजूने किंवा खालून आणावी. बाहेरचे तोंड खाली वळवून बंद करावे.
(३) सर्व्हिस वायरला पाइपेबाहेर झोळ द्यावा.
(४) बाहेरील पेटीसाठी पाणी व धूळ रोखणारी, आयपी ५४ किंवा त्याहून वरच्या दर्जाची पेटी निवडावी; तिला तळाशी संघनित पाण्याचा निचरा असावा.
(५) बाहेरचे दिवे व पंप यांसाठी स्वतंत्र आरसीसीबी ठेवावा, म्हणजे तेथील ओलाव्याने संपूर्ण घर अंधारात जाणार नाही आणि दोषस्थानही आपोआप कळेल.
(६) आरसीसीबीवरील चाचणीचे बटण ठरावीक काळाने दाबून पाहावे. त्यातून स्विचची यंत्रणा कळते, अर्थिंगची स्थिती नव्हे. तिची मोजणी वेगळी करावी.
(७) मंडलनिहाय वाचने एकदा उन्हाळ्यात व एकदा ऐन पावसाळ्यात घेऊन, तारीख व हवामानासह पेटीच्या झाकणामागे नोंदवून ठेवावीत.

१२. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. ओलाव्याचा दोष कोरड्या दिवशी लपत असल्याने त्याच्या निदानात वेळ, पाऊस व भार यांच्या नोंदींना मोजमापाइतकेच महत्त्व आहे. एकध्रुवी एमसीबी असलेल्या पेटीत न्यूट्रल वेगळे केल्याशिवाय कोणतेही निदान पूर्ण होत नाही. आरसीसीबी पडणे हे विद्युतरोधन आधीच ढासळल्याचे लक्षण आहे. त्यामुळे तो काढून टाकणे म्हणजे रोग्याचा ताप मोजणारे साधन फेकून देणे होय. दुरुस्ती पाण्याची वाट बंद करण्यापासून सुरू होते आणि पावसाळ्यातील मोजणीने पूर्ण होते.

आगोटीच्या कामांत घर शाकारण्याला जे स्थान आहे, तेच वितरण पेटीच्या तपासणीला मिळावे. छप्पर गळले तर घरातल्या वस्तू भिजतात. पेटीतली गळती मात्र घरातल्या माणसांच्या जिवावर बेतते.